तिसऱ्यांदा विचारलंच नाही

…नाही पण तिसऱ्यांदा विचारलंच नाही हो त्या माणसाने! दोनदा विचारलं, दोनदा मी 'नको नको, कशाला' म्हणालो, आणि तो आपला 'बरं' म्हणून गप्प बसला. बरं? असं बरं म्हणतात का कधी? तुम्हाला सांगतो, आमच्या मिनेसोटात मूल चालायला लागायच्या आधी हे शिकतं, की समोरच्याने काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'अहो खरंच नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'आता तुम्ही एवढं म्हणताय तर' असं म्हणून घ्यायचं. मग ती कॉफी असो, केक असो, नाहीतर किडनी असो. माझे वडील हॉस्पिटलमध्ये नर्सला दोनदा नको म्हणाले होते, ऑक्सिजनला. ती इथलीच होती, तिने तिसऱ्यांदा विचारलं, म्हणून आज आहेत.

आणि हा व्हिनी. न्यू जर्सीचा. तीन वर्षं इथे काढली, तीन हिवाळे काढले, पण मोजायला काही शिकला नाही. मी त्याच्याकडे कॅम्पर घ्यायला गेलो होतो. पॉप-अप कॅम्पर हो, तो नाही का गाडीच्या मागे जोडून न्यायचा, घडी केलेला असला की चपटी पेटी, आणि हँडल फिरवलं की छत वर येतं, दोन्ही बाजूंनी दोन पलंग बाहेर सरकतात, कापडाच्या भिंती उभ्या राहतात, झालं घर. व्हिनी आपला ट्रकात खोकी भरत होता, दुसऱ्या दिवशी कायमचा परत चालला होता, आणि कॅम्पर गॅरेजच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली. ताडपत्रीवर तीन हिवाळ्यांची पानं. तर तो म्हणतो, "एकदा उघडून बघायचा का?" मी म्हणालो, "नको हो, तुमची गडबड चाललीय." तो म्हणाला, "नाही, बघू या ना उघडून." मी म्हणालो, "अहो खरंच नको." आणि उभा राहिलो. हात पुढे बांधून, चेहरा हसरा ठेवून, तिसऱ्याची वाट बघत. तर तो म्हणाला, "बरं." आणि गेला की हो खोकं उचलायला.

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. मी कॅम्पर जोडला, साखळ्या अडकवल्या, गाडी सुरू केली. वरच्या खिडकीत त्याची बायको उभी. पडदा एवढासा बाजूला केलेला. कॅम्पर हलला तशी तिने छातीवर क्रूस काढला. मी म्हटलं असेल, धार्मिक असेल. तेवढ्यात व्हिनी धावत आला, काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, "हे बघा, एक गोष्ट सांगायची राहिली…" आणि माझ्या तोंडून काय जावं? "नको नको, तुम्ही आधीच किती केलंत!" आणि पाय ॲक्सिलरेटरवर. सवय हो, दुसरं काय. आरशात बघतो तर तो रस्त्याच्या मधोमध उभा, एक हात वर, तोंड उघडं. लहान लहान होत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. तो काहीतरी सांगणार होता.

आता तुम्ही म्हणाल, कर्ट, एवढी काय घाई होती कॅम्परची? तर त्याचं नाव ट्रॉय. माझा साडू. माझी बायको हायडी आणि ट्रॉयची बायको बेथ, सख्ख्या बहिणी. ट्रॉयचं तळ्याकाठी घर आहे. तीन मजली, स्वतःचा धक्का, दोन बोटी. आणि जुलैची चार तारीख आली, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आली, की आम्ही तिकडे. अकरा वर्षं. अकरा वर्षं आम्ही त्याच्या तळघरात झोपतोय, ओढून उघडायच्या सोफ्यावर, ज्याची मधली सळी नेमकी कमरेत येते. तक्रार नाही हां माझी, माणूस बोलावतो हेच खूप. पण गेल्या वर्षी त्याने तळघराच्या दारावर कागद लावला. पाहुण्यांसाठी सूचना. टाइप केलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटात. ओले टॉवेल कुठे, आंघोळ किती मिनिटं, बोटीला हात कुणी लावायचा. सोल्विगने तो वाचला. सोल्विग म्हणजे आमची मुलगी, दहा वर्षांची. पूर्ण वाचला, आणि मला म्हणाली, "बाबा, आपण कायम खालीच झोपायचं का?"

 आता पर्याय तरी काय? मी शाळेच्या इमारतींचे बॉयलर सांभाळतो, हायडी दाताच्या डॉक्टरकडे फोन घेते. जुलैमध्ये तळ्याकाठच्या हॉटेलचा भाव विचारला तर ते आधी पलीकडून हसतात. मग ठरवलं, स्वतःचं काहीतरी पाहिजे. लहान असेना का, कापडाचं असेना का, पण दारावर कुणाचा कागद नको. आणि ईस्टरच्या जेवणाला, सगळे बसलेले असताना, मी मटार वाढून घेता घेता सांगून टाकलं, "यंदा चार जुलैला आमचं नाही जमायचं. आमची स्वतःची सोय आहे."  ट्रॉयने रुमालाने तोंड पुसलं, हसला आणि म्हणाला, "छान, छान. पण खालची खोली तयार ठेवतो हं."

कळलं का? तयार ठेवतो. जणू काही होणारच आहे आमचं काहीतरी. आणि तिथून सुरू झालं. कॅम्पर घेतल्याचा फोटो हायडीने बेथला पाठवला, पाच मिनिटांत माझ्या फोनवर ट्रॉय. "खालची खोली तयार आहे हं." दर आठवड्याला एक. जून उजाडला तसा रोज. नुसतं तेवढंच वाक्य, शेवटी हसरा चेहरा. तुम्हाला कधी हसऱ्या चेहऱ्याची भीती वाटलीय का? मला वाटायला लागली.

आता म्हणाल, घरी आणला होतास ना, मग अंगणात उघडून का नाही बघितलास? अहो, आणला तेव्हा समोरचा शेजारी बाहेर आला. खिशात हात घालून कॅम्परभोवती एक फेरी मारली, ताडपत्री बोटाने उचलून आत वास घेतला, आणि म्हणाला, "हं. वेगळंच आहे." संपलं. आमच्याकडे 'वेगळंच आहे' याच्यापुढे शिवी नाही. माझ्या आत्याने दुसरं लग्न केलं तेव्हा नवऱ्याकडे बघून आजी म्हणाली होती, 'वेगळाच आहे', आणि तो पुढे तुरुंगात गेला. आता या माणसासमोर मी हँडल फिरवणार, छत अर्धवट अडकणार, आणि तो खुर्ची आणून बसणार? मी म्हटलं, तिकडे जाऊनच उघडू. तिकडे कोण ओळखतंय आपल्याला.

दोन महिने कॅम्पर अंगणात उभा होता. आणि तुम्हाला सांगतो, मी गाडीतून उतरून घरात जाताना आतून काहीतरी ऐकू यायचं. खुडखुड. मी थांबलो की थांबायची. मी एक पाऊल टाकलं की पुन्हा खुडखुड. मी हायडीला म्हणालो, वारा आहे. हायडी म्हणाली, पान हलत नाहीये. मी म्हणालो, आतला वारा आहे. आणि व्हिनीचा तो वर केलेला हात दिसायचा मला. तो काहीतरी सांगणार होता.

फोन का नाही केला? करणार कसा? एकदा नको म्हटल्यावर आपण होऊन विचारायचं? आमच्याकडे त्यापेक्षा लोक मरण पत्करतात.

तीन जुलैला निघालो. सोल्विग मागच्या सीटवर, मांडीवर पुठ्ठा. त्यावर तिने रंगीत खडूने लिहिलेलं, 'सोल्विगची खोली'. तिने मला तीनदा विचारलं, की पुढचा पलंग माझाच ना? तीनदा मी हो म्हणालो. आणि मागून आवाज, कडकट्ट, कडकट्ट, आणि मध्येच एक लांब कण्हल्यासारखा. पुढे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या बरोबरीला आली की हळू व्हायची, आतली माणसं कॅम्परकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, मग निघून जायची. एक म्हातारी तर टोपी काढून गेली. हायडी म्हणाली, "कर्ट, हे लोक असे का बघतायत?" मी म्हणालो, "सुट्टीचा मूड आहे." तेवढ्यात फोन वाजला. ट्रॉय. "रस्त्यात आहात का? खालची खोली तयार आहे हं."

पोचलो. जागा नंबर तेवीस, पाइनच्या झाडांमध्ये, शेजारी बावीस नंबरला ओर्व्हिल नावाचा म्हातारा, बसएवढ्या मोठ्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसलेला. आणि आता कॅम्पर उलटा घालायचा. उलटा घालताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅम्पर उजवीकडे जातो, हे मला माहीत होतं. माझ्या डोक्याला माहीत होतं. हातांना नव्हतं. पहिल्यांदा झाडाकडे गेला, दुसऱ्यांदा नळाकडे, तिसऱ्यांदा ओर्व्हिलकडे. आणि बाहेर बघतो तर सगळ्या खुर्च्या वळलेल्या. अख्ख्या कॅम्पग्राउंडच्या. कोणी हसत नाही, कोणी बोलत नाही, नुसते मांडीवर हात ठेवून बघतायत, चर्चमध्ये बसल्यासारखे. बाविसाव्या नंबरची पाटी वाकली तेव्हा सुद्धा कोणी हूं केलं नाही.

मग ओर्व्हिल बसल्या जागेवरून म्हणाला, "मदत लागेल का?"

आता बघा हां. मी पोळलेला माणूस. एकदा दोनदा नको म्हणून बसलो होतो आणि काय झालं होतं ते मला माहीत. मी म्हटलं, नाही, या वेळी नाही, आणि म्हणालो, "हो."

पहिल्याच फटक्यात हो. अख्ख्या कॅम्पग्राउंडमध्ये कुणीतरी भांडं पाडावं तशी शांतता. ओर्व्हिलच्या हातातला बिअरचा डबा तोंडापाशी जाऊन थांबला. हायडीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, अजून डाग आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एप्रिलमध्ये कमरेचा सांधा बदललेला, त्याने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं. आणि मी हो म्हणालो. तो उठला. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकून, टप्प्याटप्प्याने. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "ओर्व्हिल, कुठे चाललायस?" तो म्हणाला, "हा हो म्हणाला." ती माझ्याकडे बघत राहिली. तुम्हाला सांगतो, पोलिसांनी धरला असता तर बरं वाटलं असतं.

पण माणूस जाणता. गाडीच्या खिडकीत उभा राहून नुसतं बोट इकडे तिकडे हलवलं आणि कॅम्पर सरळ जागेवर. चाकांना ठोकळे लावले, चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडले, हँडल माझ्या हातात दिलं. मी फिरवायला लागलो. छत किंचित वर आलं आणि आतून एक वास आला. मी थांबलो. ओर्व्हिलने वास घेतला, एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "फिरव, फिरव. आता काय." छत वर आलं. पुढचा पलंग, सोल्विगचा, आम्ही दोघांनी धरून बाहेर ओढला.

उंदीर होते. एक-दोन नाही, खटलं होतं. तीन पिढ्या असतील. गादीच्या कापसात बाळंतपणं झालेली. एकेक करून खाली उड्या मारल्या आणि पाइनच्या झाडांकडे गेले, घाई न करता, भाडेकरूंनी जावं तसे. आणि पलंगावरच्या कापडात, बरोबर सोल्विग उशी ठेवेल तिथे, ताटाएवढं भोक. त्यातून आभाळ दिसत होतं. सोल्विग हातात पुठ्ठा घेऊन उभी. ओर्व्हिलने भोकातून एकदा आत बघितलं, एकदा बाहेर बघितलं आणि म्हणाला, "हं. वेगळंच आहे."

हायडीने माझ्याकडे बघितलं नाही. ती फक्त म्हणाली, "चाळीस मैल. पाऊण तासात ट्रॉयकडे पोचू." आणि मी, तुम्हाला खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो.  तर सोल्विग म्हणाली, "आई, चिकटपट्टी लावू या ना. आणि गादी बाहेर टाकू, मी झोपायच्या पिशवीत झोपते." असं म्हणून तिने पुठ्ठा अडकवला सुद्धा. मग काय. ओर्व्हिलच्या बायकोने ब्लीच दिलं, तिने विचारलं नाही, नुसतं बादलीजवळ ठेवून गेली. आम्ही तीन तास घासलं. जाड चंदेरी चिकटपट्टीचे दोन रोल त्या भोकावर आतून-बाहेरून चढवले. पहिला दिवस निभावला. सॉसेज भाजले, सोल्विग खिदळली. मी मनात म्हटलं, चला, व्हिनी सांगणार होता ती गोष्ट हीच असेल, उंदीर. मग वाटलं, पण उंदरांसाठी कोणी क्रूस काढतं का?

चार जुलै उजाडला तो घामाने. पान हलेना. दुपारी दोनच्या सुमाराला पक्षी गप्प झाले. तीनला ओर्व्हिल उठला आणि त्याने गाडीसमोरचं कापडी छप्पर गुंडाळून घेतलं.  मग एकवीस नंबरने गुंडाळलं. मग चोवीस. मी बघतोय तर रांगेने सगळे छपरं गुंडाळतायत, खुर्च्या घडी करतायत, आणि कोणी काही बोलत नाहीये. मी ओर्व्हिलला विचारलं, "काही होणार आहे का?" तो पश्चिमेकडे बघत म्हणाला, "पडला तर पडेल थोडा." मी म्हटलं, "थोडा म्हणजे?" तो म्हणाला, "वाराही असेल." म्हणजे मला कळायला हवं होतं हो. आमच्याकडे 'थंडी आहे' म्हणजे नाक गळून पडतं, 'थोडा वारा' म्हणजे गोठा शेजारच्या जिल्ह्यात सापडतो.

फोन वाजला. ट्रॉय. "आभाळ बघितलंस का? खालची खोली तयार आहे हं." आणि या वेळी तुम्हाला सांगतो, मला राग नाही आला. मी कापडाच्या भिंतीकडे बघितलं, चिकटपट्टीकडे बघितलं, आणि मला वाटलं, मी माझ्या अभिमानापायी पोरीला इथे घेऊन आलोय. तिथे खाली, जमिनीखाली, सिमेंटच्या भिंतींत, ती सुरक्षित असती. मी किल्ल्या हातात घेतल्या. हायडीला हाक मारली. तेवढ्यात आभाळ हिरवं झालं. आणि भोंगा वाजला.

वादळाचा भोंगा वाजला की आमच्याकडे काय करायचं ते ठरलेलं आहे. बायका मुलांना घेऊन खाली आसऱ्याला जातात आणि पुरुष बाहेर येऊन बघतात. का बघतात? माहीत नाही. माझे वडील बघायचे. तर पंधरा पुरुष कमरेवर हात ठेवून पश्चिमेकडे तोंड करून उभे, मी त्यांच्यात, आणि हायडी ओरडतेय, "कर्ट, तू आत येतोस की मी पोरीला एकटीने वाढवू?" मग आलो. सगळे सिमेंटच्या संडासात. चाळीस माणसं, सहा नळ, दोन कुत्री. बाहेर गारा पडायला लागल्या, छतावर कुणी दगड ओततंय असा आवाज. सोल्विग माझ्या पोटाला चिकटून.  मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

आणि तेव्हा मी ते केलं. बेसिनला टेकून फोन काढला आणि व्हिनीला लावला. अहो, मरायचं तर माहीत करून मरू. त्याने उचलला. मी ओरडलो, "व्हिनी, मी कर्ट, कॅम्परवाला! तुम्ही काय सांगणार होता?" तो म्हणाला, "कोण? हां हां, मिनेसोटा! काय आवाज आहे हा?" मी म्हणालो, "गारा आहेत, तुम्ही सांगा." तो म्हणाला, "अहो, एवढंच सांगणार होतो, की आधी घरीच एकदा उघडून बघा." मी म्हणालो, "म्हणजे?" तो म्हणाला, "आम्ही कधी उघडलाच नाही ना. ज्याच्याकडून घेतला तो दाखवतो म्हणाला होता, पण मी म्हटलं त्यात काय कळायचंय. मग बायकोला आतून खुडखुड ऐकू यायला लागली. तिने न उघडायची शपथ घातली. तीन वर्षं तसाच. म्हणून तर त्या दिवशी म्हणत होतो तुम्हाला, उघडून बघू या, तुम्ही इथले, तुम्हाला येत असेल. मला एकदा बघायचा होता तो कसा दिसतो." मग थोडं थांबून म्हणाला, "कसा दिसतो हो?" मी म्हणालो, "वेगळाच आहे." आणि ठेवला.

वीस मिनिटं चाललं ते. मग थांबलं. पण हायडी फोन कानाला लावून उभी, चेहरा पांढरा. म्हणाली, "बेथचा फोन लागत नाहीये." मी माझा बघितला. ट्रॉयचा मेसेज नाही. एवढं वादळ गेलं आणि खालची खोली तयार नाही? तुम्हाला सांगतो, दोन महिने ज्या मेसेजच्या नावाने मी दात-ओठ खात होतो, त्याच्यासाठी मी तो फोन पाच मिनिटांत वीसदा बघितला. आम्ही लावतोय, लावतोय, लागत नाही. हायडी रडायला लागली.

बाहेर आलो. झाडं आडवी. ओर्व्हिलच्या बसएवढ्या गाडीची पुढची काच फुटलेली. आणि आमचा कॅम्पर उभा. हातभर अंतरावर एक अख्खं पाइन पडलेलं, आणि कॅम्पर उभा. आत गेलो, चिकटपट्टी जागच्या जागी, सोल्विगची झोपायची पिशवी कोरडी. ओर्व्हिल काठी टेकत आला, सगळीकडून बघितलं आणि म्हणाला, "वाईट नाही." मिनेसोटात यापुढे पदक नाही. दुसरी वेळ असती तर मी नाचलो असतो. पण हायडी फोन लावत होती.

आणि सात वाजता, उजेड होता अजून, ट्रॉयची गाडी आली. काचांपर्यंत चिखल. आधी बेथ उतरली, हायडी धावत गेली. मग ट्रॉय. एका पायात बूट नाही, कपाळावर खोक. नेहमी इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. म्हणाला, "ओकचं झाड पडलं. घराच्या आरपार. वीज गेली, तळघरातलं पाणी उपसणारा पंप बंद पडला, तळं आत आलं." मी म्हणालो, "तळघर?" तो म्हणाला, "छतापर्यंत पाणी, कर्ट. दहा मिनिटांत. दार उघडेना." आणि त्याने सोल्विगकडे बघितलं आणि मान खाली घातली.  अकरा वर्षं आम्ही तिथे झोपलो होतो, सोल्विग भिंतीच्या बाजूला, दारापासून सगळ्यात लांब. मी कॅम्परच्या दारातच बसलो.

मग म्हणालो, "ट्रॉय, या. इथेच राहा." तो म्हणाला, "छे, नको, तुम्हालाच जागा नाही." मी म्हणालो, "अरे राहा रे, टेबलाचा पलंग होतो." तो म्हणाला, "नको, खरंच नको. गाडीत झोपू आम्ही." दोन झाले.

आणि मी थांबलो. खोटं कशाला बोलू? आत्ता एवढा हललो होतो, पण थांबलो. अकरा वर्षांची सळी कमरेत, प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद, हसरा चेहरा… सगळं एकदम वर आलं. आजूबाजूला खुर्च्या पुन्हा वळलेल्या. सगळे मोजत होते हो, सगळ्यांना माहीत होतं कितीवर आलंय. ओर्व्हिलचा डबा पुन्हा तोंडापाशी थांबलेला. ट्रॉयच्या कपाळावरून पाणी आणि रक्त ओघळतंय, आणि तो माझ्याकडे बघतोय, आणि मी तोंड उघडायला हवं तेवढ्यापेक्षा जरा जास्त वेळ घेतोय. तेवढ्यात सोल्विग पुढे झाली. तिने विचारलं-बिचारलं काही नाही. बेथच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन स्वतःच्या पलंगावर ठेवली. आतून म्हणाली, "मावशी, भिंतीकडची बाजू माझी हं."

लाज वाटली मला. तुमच्यापाशी कबूल करतो, खूप लाज वाटली. मी उठलो, ट्रॉयला दंडाला धरून आत नेलं आणि माझी कोरडी पँट दिली. तो घोरला. त्या एवढ्याशा कापडी खोक्यात तो असा घोरला की मला वाटलं भोंगा पुन्हा वाजतोय. सकाळी उठला, हातपाय ताणले आणि म्हणाला, "काय हवा लागते रे इथे!" त्याच क्षणी मला कळायला हवं होतं.

कारण घर दुरुस्त होईपर्यंत कुठे राहणार बिचारे? आमच्या घरात दोनच खोल्या. मी त्यांना घरातच या म्हणालो. दोनदा म्हणालो. दोनदाच. तर ट्रॉय म्हणाला, "नको नको, आम्ही अंगणात कॅम्परमध्ये राहतो, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." आज ऑक्टोबरची अकरा तारीख. विमेवाले येतात, ओक बघतात, फोटो काढतात, जातात. ट्रॉयने कॅम्परला नवं कापड लावून घेतलं, पायरी बसवली, बाहेर दोन कुंड्या ठेवल्या. 'वेगळंच आहे' म्हणणारा समोरचा शेजारी संध्याकाळी त्याच्याशी गप्पा मारायला येतो. माझ्याशी वीस वर्षांत दोन शब्दांपलीकडे बोलला नव्हता. आणि येत्या रविवारी ट्रॉय-बेथने आम्हाला जेवायला बोलावलंय. आमच्याच कॅम्परमध्ये. हायडी विचारतेय, रिकाम्या हाताने कसं जायचं, हॉटडिश, म्हणजे आमचं ते ओव्हनमधलं खिमा-बटाट्याचं, करून नेऊ का.

काल पहिलं बर्फ पडलं. कापडाच्या भिंतीत आमच्याकडचा हिवाळा निघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. सकाळी हायडी मोजपट्टी घेऊन आमच्या तळघरात उतरली होती. मी जिन्यावरून विचारलं, "काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही." चौदा वर्षं झाली लग्नाला, मी पुढे विचारलं नाही. गाडी काढली, दुकानात गेलो आणि पाणी उपसायचा नवा पंप घेऊन आलो, वीज गेली तरी चालतो तो. काय करणार… आता साडू खाली झोपणार म्हटल्यावर तो भिजायला नको.